गाडीच्या आतली खडखड आणि कुरकुर: आधी शोधा, मग उघडा

गाडी आतून वाजायला लागली की जो तो एकच सल्ला देतो, स्प्रे मार. डॅशबोर्डच्या फटीत मार, दाराच्या रबराला मार, सीटखाली मार. दोन दिवस शांत वाटतं, मग आवाज परत, आणि वर त्या फटीत चिकट धूळ बसलेली. डब्ल्यूडी-४० गंजलेले नट सोडवायला, ओल घालवायला उत्तम आहे, पण केबिनमध्ये त्याचं काय काम? त्यातला पातळ भाग उडून जातो आणि मागे राहतो तो धूळ धरणारा पातळसा थर. आवाज बंद करणं तसं सोपं असतं हो, तो येतोय कुठून हे शोधण्यात जीव जातो आणि नेमकं तेच कोणी नीट सांगत नाही.

१. गाडी रिकामी करा

पूर्ण रिकामी. दाराचे खण, ग्लोव्ह बॉक्स, गॉगलचा कप्पा, सीटखाली घरंगळलेली बाटली, किल्लीला लटकवलेला जुडगा, सगळं बाहेर. डिकीत जॅक, पाना आणि स्टेपनी आपापल्या जागी घट्ट बसवा. एक चक्कर मारून या. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं.

२. आवाजाची जात ओळखा

खडखड म्हणजे काहीतरी सैल आहे आणि ते शेजारच्या भागावर आपटतंय. कुरकुर म्हणजे दोन भाग एकमेकांना टेकलेत आणि घासताना क्षणभर चिकटून सुटतायत. हे समजून घ्या कारण दोघांचे उपाय वेगळे आहेत. सैल भागाला मागून दाब देऊन घट्ट करायचं, घासणाऱ्या भागांमध्ये मऊ थर घालायचा. कुरकुरणाऱ्या जागी नुसता फोम कोंबून दाब वाढवला तर कुरकुर वाढते, आणि मग लोक म्हणतात फोम फालतू असतो.

कधी येतो तेही बघा. उभ्या गाडीत न्यूट्रलला रेस दिल्यावर ठराविक आरपीएमला येत असेल तर इंजिनच्या कंपनाने काहीतरी थरथरतंय. सकाळी गार असताना येतो आणि गाडी तापली की जातो, तर प्लास्टिक आकसल्यामुळे फटी बदलल्यात, प्लास्टिक लोखंडापेक्षा कितीतरी पटीने जास्त आकसतं-फुगतं. आणि चाक खड्ड्यात गेल्यावर किंवा स्टीअरिंग वळवताना 'ठक्' असा जड आवाज येत असेल तर तो केबिनचा नाहीच. बहुतेक स्टॅबिलायझर लिंक किंवा स्ट्रट माउंट (दोन्ही चाकाकडच्या सस्पेन्शनचे भाग) गेलेलं असतं आणि बॉडीतून तो आवाज थेट डॅशबोर्डमधून आल्यासारखा वाटतो. हे फेल्ट (नमद्यासारखं मऊ, जाडसर कापड) चिकटवून दाबायचं प्रकरण नाही, गाडी लिफ्टवर घ्या.

३. नेमकी जागा शोधा

मी सगळ्यात जास्त झगडलोय ते इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कानावर विश्वास ठेवू नका. केबिन म्हणजे कठीण काचांनी वेढलेली छोटी खोली, आवाज पुढच्या काचेवर आपटून तुमच्याकडे येतो आणि प्रत्येक आवाज डॅशबोर्डच्या कोपऱ्यातलाच वाटतो. त्यात गाडी चालवताना डोकं हलवून ऐकता येत नाही, आणि रस्त्यावर लक्ष ठेवायचं सोडून ऐकूही नये. त्यामुळे चालवायला दुसऱ्या कोणालातरी द्या आणि तुम्ही आधी शेजारी, मग मागे बसा. खराब, रिकामा रस्ता निवडा, वेग कमी, काचा बंद, पंखा बंद, गाणी बंद. आता हाताने दाबत जा. डॅशबोर्डची वरची कड, एसीच्या जाळ्या, पिलरचं (काचांच्या मधल्या उभ्या खांबाचं) प्लास्टिक, ग्लोव्ह बॉक्सचं झाकण, दाराचं पॅनल, सन व्हायजर, छतातल्या दिव्याचं कव्हर. माझा नियम सरळ आहे: जोपर्यंत बोट ठेवल्यावर आवाज थांबत नाही आणि उचलल्यावर परत सुरू होत नाही, तोपर्यंत स्क्रूड्रायव्हरला हात लावायचा नाही. 'बहुतेक इथूनच येतोय' म्हणून डॅशबोर्ड उघडणाऱ्याला एक आवाज बंद करताना तीन नवे मिळतात, कारण उघडलेली क्लिप पहिल्यासारखी घट्ट बसेलच असं नाही.

आता ती गंमत, जिच्यामुळे माणसं वेडी होतात. एकटे असता तेव्हा शेजारून टकटक येते, मेकॅनिकला बाजूला बसवून चक्कर मारली की एकदम गायब, आणि तो तुमच्याकडे असं बघतो की तुमच्याच कानात दोष आहे. कारण साधं असतं. रिकाम्या सीटचा बेल्ट पिलरला लोंबत असतो, त्याचं धातूचं टोक प्लास्टिकवर आपटत असतं, आणि मेकॅनिक बसून बेल्ट लावतो तेव्हा ते टोक बकलात जातं. तसंच हेडरेस्टच्या दांड्या आणि सीटचा सांगाडा, वर वजन आलं की गप्प होतात. म्हणून कोणाला शेजारी बसवायच्या आधी रिकाम्या सीटचा बेल्ट बकलात अडकवून एकटेच एक फेरी मारून बघा. बेल्ट वरखाली करायची पट्टी असेल तर तिचा लॉकही नीट बसलाय का बघा, ड्रायव्हरच्या बाजूची असेल तर ती बरोबर कानाशी वाजते.

मागून येणाऱ्या आवाजासाठी एकेक गोष्ट बाद करा. डिकीवरचा ट्रे काढून चालवा. मागच्या सीटची पाठ दुमडून चालवा, आवाज गेला तर पाठ ज्या लोखंडी हुकात अडकते तो हुक वाजतोय, त्याला कापडी टेपचा एक वेढा दिला की संपलं (लॉक पूर्ण बसतोय ना हे मात्र ओढून बघा). दाराचा संशय असेल तर काच थोडी खाली करून चालवा, फरक पडला तर मामला काचेचा किंवा तिच्या रबराचा आहे, पॅनलचा नाही. पण एका फेरीत एकच बदल करायचा. ट्रे काढला, सीट दुमडली, काचही उघडली आणि आवाज गेला तर तुम्हाला कळलं काय? काहीच नाही.

एवढं करून सापडलं नाही तर उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून, म्युझिक सिस्टीमवर २० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा सूर लावा, फोनवर टोन जनरेटरची फुकट ॲप मिळतात. सैल पॅनल आपापल्या फ्रिक्वेन्सीला थरथरायला लागतात आणि तुम्ही आरामात दोन्ही हातांनी शोधू शकता. आवाज लहान ठेवूनच सुरू करा, स्पीकर फाडू नका. कुरकुर यात सहसा सापडत नाही. तिच्यासाठी संशयित फटीवर मास्किंग टेप ताणून लावा आणि चालवून बघा, टेप लावल्यावर गप्प झाली तर जागा पक्की.

४. उघडताना

पॅनल उचकायला प्लास्टिकचीच पाती वापरा, स्क्रूड्रायव्हरने कड कायमची दबते. गाडी गार असताना क्लिपा मोडतात, आधी केबिन कोमट करून घ्या.

एअरबॅगच्या बाबतीत मात्र मी कोणाचं ऐकून घेत नाही. पुढच्या काचेलगतच्या पिलरमध्ये आणि छताच्या कडेने कर्टन एअरबॅग (खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) असू शकते, सीटच्या बाहेरच्या बाजूला साइड एअरबॅग असू शकते. त्या जागेत फोम, फेल्ट, काहीही कोंबायचं नाही, मग कोणी कितीही छान व्हिडिओ दाखवो. काही गाड्यांत त्या पिलरची क्लिप एकदाच वापरायची असते, काढली की नवीनच लावायची. पिवळा कनेक्टर किंवा पिवळी वायर (एअरबॅगची खूण) दिसली की हात मागे घ्या, सीटखाली हात घालतानाही हे लक्षात असू द्या. तिथलंच काम करायचं असेल तर ते माहीतगार माणसाकडे सोपवा.

५. आवाज बंद करणं

घासणाऱ्या जागी पातळ फेल्ट टेप, एकाच बाजूला. वायरचा जुडगा आत आपटत असेल तर त्याला वायरिंगची कापडी टेप गुंडाळा. सैल पॅनलमागे बंद छिद्रांचा फोम, तोही पातळ, कारण जाड घातला तर पॅनल नीट बसत नाही. साधा स्पंज नको, काही वर्षांत त्याचा भुगा होतो. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणामागे छोटी रबरी बटणं असतात, ती झिजली किंवा पडली असतील तर नवीन लावा. मोडक्या क्लिपा बदला, डिंकाने चिकटवू नका, पुढच्या वेळी उघडणारे तुम्हीच असता.

६. दाराचं रबर

वळताना किंवा स्पीडब्रेकरवर दाराकडून चर्र आवाज येत असेल तर रबर ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि सिलिकॉन ग्रीस बोटाने अगदी पातळ चोळा. पेट्रोलियमवालं ग्रीस नको, त्याने बरीचशी रबरं फुगतात. सिलिकॉन स्प्रेच हाताशी असेल तर तो बाहेर फडक्यावर मारून मग लावा, थेट फवारला तर तो पेडल आणि स्टीअरिंगवरही बसतो, आणि ब्रेकच्या पेडलवरून पाय सटकला तर काय होईल ते सांगायला नको.

सगळं परत बसवायच्या आधी, पॅनल नुसतं टेकवून त्याच रस्त्यावर त्याच वेगाने एक फेरी मारा. आवाज आला तर पुन्हा तिसऱ्या पायरीवर. नाही आला तर क्लिपा दाबून टाका आणि उरलेली फेल्ट टेप ग्लोव्ह बॉक्समध्ये सुटी टाकू नका, तीही वाजते.