एकविसावं वचन मी कापलेलं नाही : बायबल घेण्याआधी काय उघडून बघायचं

आमचं बाइंडिंगचं दुकान बेळगावात, खडे बाजारापासून दोन गल्ल्या आत. वडिलांनी चालू केलं, आता मी बसतो. वर्षभर रजिस्टरं, वकिलांच्या फायली, पोथ्या. आणि नाताळ जवळ आला की बायबलं. आम्ही मेथॉडिस्ट, म्हणजे प्रॉटेस्टंट, बायको खानापूरकडची कॅथलिक. त्यामुळं पुस्तक कुणाचं हे मला दुकानातही कळतं आणि घरातही.

काही वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक तणतणत आलं. नवं मराठी बायबल त्यानं माझ्याकडून रेक्झिनमध्ये बांधून नेलं होतं. "काय ओ, मत्तयातलं सतराव्यातलं एकविसावं वचन कापलासा की!" मत्तय म्हणजे येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांपैकी पहिलं, त्यातला सतरावा अध्याय. मी समजावलं की कटिंगमध्ये कडा जाते, पानाच्या मधली ओळ कशी जाईल? त्यानं पिशवीतून वडिलांची जुनी प्रत काढली. तिच्यात वीस, एकवीस, बावीस, सगळं जागेवर. माझ्या हातच्या प्रतीत वीसनंतर थेट बावीस. मग मीही गप्प बसलो, आणि रात्री घरातली सगळी बायबलं जमिनीवर मांडून बसलो. तेव्हापासून कुणी विचारलं, "कुठलं घेऊ?" तर नाव सांगायच्या आधी मी त्याला काही जागा उघडायला लावतो.

पहिली जागा अनुक्रमणिका. पुस्तकं मोजा. ६६ असली तर प्रॉटेस्टंट प्रत, ७३ असली तर कॅथलिक. जादाची सात सगळी जुन्या करारात, म्हणजे बायबलाच्या पहिल्या भागात असतात: तोबीत, यहूदीथ, ज्ञानग्रंथ, बेन सिराक, बारूख आणि मक्काबीची दोन. एस्तेर आणि दानिएलातही कॅथलिक प्रतीत थोडा जास्त मजकूर असतो. सासूबाईंना भेट म्हणून मी एकदा ६६ चं नेलं होतं. त्यांनी तोबीत शोधला, मिळाला नाही, आणि जावयाला काही बोलायचं नाही म्हणून पुस्तक कपाटात ठेवलं. ते अजून तिथंच आहे. भेट द्यायची असेल तर घेणारा कुठल्या चर्चला जातो ते आधी विचारा.

दुसरी जागा मत्तय १७:२१, म्हणजे सतराव्या अध्यायातलं एकविसावं वचन. प्रार्थना आणि उपासाशिवाय असलं भूत निघत नाही, असं ते वचन. काही प्रतींत ते कंसात असतं, काहींत तळटीपेत, काहींत नुसती उडी. कारण ऐकून मला हसू आलं, कारण ते आमच्याच धंद्यातलं आहे. वचनांचे हे आकडे प्रेषितांनी घातलेले नाहीत. रॉबेर एस्तिएन नावाच्या छापखानदारानं १५५१ सालच्या ग्रीक नव्या करारात ते घातले. त्याच्या पुढ्यातल्या पाठात हे वाक्य होतं, म्हणून त्याला २१ मिळाला. पुढं एकोणिसाव्या शतकात चौथ्या शतकातली हस्तलिखितं नीट अभ्यासली गेली. एक रोमला व्हॅटिकनमध्ये आहे, दुसरं सिनाय डोंगराच्या मठात टिशेनडॉर्फ या जर्मन अभ्यासकाला मिळालं. मत्तयातल्या त्या जागी दोन्हींत हे वाक्य नाही. मार्क या दुसऱ्या चरित्रात ९:२९ मध्ये जवळजवळ तेच आहे. कुणा नकलकारानं तिथलं ध्यानात असलेलं इथं उतरवलं असावं, असं अभ्यासक मानतात. वाक्य खाली तळटीपेत गेलं, पण आकडा काढता येईना. काढला तर पुढचे सगळे आकडे सरकतील आणि जगभरच्या प्रवचनांचे संदर्भ चुकतील. म्हणून वीसनंतर बावीस.

तेव्हा वचन गायब दिसलं तर आधी तळटीप बघा. तळटीप असली तर प्रत प्रामाणिक. उडी आहे आणि तळटीपही नाही, तर अभ्यासाला दुसरी घ्या. मार्क १६ चा शेवट, ९ ते २० वचनं, हाही असाच बघा. सगळ्यात जुन्या त्या दोन्ही हस्तलिखितांत तो नाही. बहुतेक प्रती तो छापतात, चांगल्या प्रती तसं सांगून छापतात.

तिसरी जागा मत्तय ६:१३, येशूनं शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेचा शेवट. "राज्य, सामर्थ्य व गौरव" ही ओळ आम्ही चर्चमध्ये प्रार्थनेतच म्हणतो, बायकोच्या चर्चमध्ये प्रार्थना त्याआधीच थांबते. लग्नानंतर पहिल्या रविवारी मी एकटाच पुढं बोलत राहिलो होतो. ही ओळसुद्धा त्या दोन जुन्या हस्तलिखितांत नाही. म्हणजे त्यांनी कापली असं नाही, आणि आम्ही घुसवली असंही नाही. ज्याच्या हाती जी प्रत आली तिच्यावरून म्हणणं आलं.

स्तोत्रांच्या आकड्यांवरूनही भांडू नका. ग्रीक आणि लॅटिन परंपरेत नववं आणि दहावं स्तोत्र एकच धरतात, म्हणून मधल्या बऱ्याच स्तोत्रांचा आकडा एकानं मागं असतो. जुन्या कॅथलिक प्रार्थनापुस्तकात बाविसावं दिसलं तर ते आपलं तेविसावंच.

आता भाषांतर. बेळगावात राहून माणसानं एकाच भाषेतलं बायबल वाचावं हे मला पटत नाही. ग्रीक-हिब्रू येत नसलं तरी आपल्याकडं एक सोय आहे जी पुण्याच्या माणसाला नाही: शेजारी कानडी आहे. तेविसावं स्तोत्र मराठीत उघडा. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." गोड आहे, पाठ आहे. पण खरं सांगा, 'मेंढपाळ' म्हणून आपण कधी कुणाला हाक मारली आहे का? मग शेजाऱ्याला त्याच्या सत्यवेदातून, म्हणजे कानडी बायबलातून, जुन्या कानडीतलं वाचायला सांगा: "येहोवनु ननगे कुरुबनु, कोरतेपडेनु." कुरुब! आमच्याकडं काळं घोंगडं खांद्यावर टाकून येतो, लेंडीखतासाठी शेतात मेंढरं बसवतो, रात्री कुत्र्यांवर ओरडतो, तो. मराठीत म्हणायचं तर धनगर. माझ्या कानाला देव तेव्हा पहिल्यांदा पावसात भिजलेला दिसला. आणखी एक. मराठीत 'परमेश्वर' म्हटलं की कुठल्याही देवळात चालेल असा शब्द येतो. कानडीत 'येहोव' हे नाव येतं, हिब्रूतल्या नावावरून आलेलं. कानडीनं काही गमावलं नाही असं नाही. 'कुरुब' ही जातही आहे, आणि प्रत्येक कुरुब वाचणारा ते कसं ऐकत असेल हे मी सांगू शकत नाही. पण दोन भाषा शेजारी ठेवल्या की भाषांतर करणाऱ्यानं कुठं काय निवडलं ते उघडं पडतं. दर आठवड्याला एक स्तोत्र असं करा, कानडी अक्षर येत नसलं तर नुसतं ऐका. घरात कोकणी असेल तर तीही घ्या. गोव्याकडची रोमन अक्षरात असते, मंगळूरकडची कानडी अक्षरात.

मग विकत काय घ्यायचं? चर्चमध्ये सगळ्यांबरोबर वाचायला बायबल सोसायटीचं नेहमीचं 'पवित्र शास्त्र'. भाषा जुनी, पण लोक तेच वाचतात, ओळ चुकत नाही. पहिल्यांदा वाचणाऱ्याला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल द्या. वसईचे दिवंगत धर्मगुरू, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यांची मराठी अडखळत नाही. फुकट हवं तर मोबाइलवर इंडियन रिवाइज्ड व्हर्जन मराठीत आहे. इंग्रजी शाळेतल्या पोरांना १६११ चं किंग जेम्स देऊ नका. त्यातलं इंग्रजी त्यांना येत नाही आणि मत्तयातलं ते एकविसावं वचन त्यात आहे, म्हणजे घरात पुन्हा वाद.

पंडिता रमाबाईंचं भाषांतर कुठं जुन्या पेटीत मिळालं तर रद्दीत घालू नका, माझ्याकडं आणा. बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून ते केलं, साध्या बायकांना कळावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या, त्याच्या थोडं आधी काम पुरं झालं. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला बायका-मुलीच होत्या. असली प्रत आली तर मी मोरचूद घातलेल्या खळीनं कणा धरतो, शिलाई हातानं करतो, आणि कटिंग मशीनजवळ नेतच नाही.

तुम्हीही बाइंडरला हे सांगा: कडा कमीत कमी काप, समास राहू दे. तणतणत आलेलं ते गिऱ्हाईक गेल्या पावसाळ्यात परत आलं, रेक्झिन उसवलं म्हणून. पान उघडलं तर वीस आणि बावीसच्या मध्ये, समासात, पेन्सिलनं बारीक अक्षरात एकविसावं लिहिलेलं. म्हणाला, "ह्यावेळी खरंच कापू नकोसा."