‘फ्रोनेओ’ म्हणजे नुसतं ‘विचार करणे’? या चुका टाळा

मोबाईलवरच्या बायबल अ‍ॅपमध्ये ग्रीक शब्दावर टॅप केलं की खाली एका ओळीत अर्थ येतो, ‘विचार करणे’, आणि आपण खूश होऊन पुढं जातो. फ्रोनेओ या क्रियापदाचं नेमकं असंच होतं. मूळ ग्रीकमध्ये लिहिलेल्या नव्या करारात हे 26 वेळा येतं आणि त्यातले तब्बल 10 एकट्या फिलिप्पैकरांस पत्रात, म्हणजे उण्यापुऱ्या चार अध्यायांत, तर हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल फिलिप्पैतल्या मंडळीला (तिथल्या चर्चला) दहा वेळा ‘डोकं चालवा’ एवढंच सांगत असेल का?

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे क्रियापद एकटंच उचलायचं आणि त्याच्या आजूबाजूला काय आहे ते बघायचंच नाही. मत्तय 16:23 घ्या. आपल्याला दुःख सोसून मरायचंय असं येशू सांगतो, त्याचा शिष्य पेत्र त्याला अडवतो आणि येशू पेत्राला झापतो, तिथं शब्दशः येतं ‘तू देवाचं फ्रोनेओ करत नाहीस, माणसांचं करतोस’. आता इथं ‘विचार करणे’ टाकलं तर वाटतं की पेत्र देवाबद्दल विचारच करत नव्हता, पण तो तर करतच होता बिचारा, आत्ताच तर ‘तू ख्रिस्त आहेस’ म्हणाला होता! ग्रीकमध्ये ‘अमक्याचं फ्रोनेओ करणे’ म्हणजे अमक्याच्या बाजूने असणे, त्याची तळी उचलणे. मक्काबीच्या पहिल्या पुस्तकात, म्हणजे ज्यूंच्या बंडाचा इतिहास सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात (10:20), हेच सापडतं. इ.स.पू. 152 च्या सुमाराचा प्रसंग, सीरियाच्या गादीवर हक्क सांगणारा अलेक्झांडर ज्यूंचा पुढारी योनाथान याला महायाजक नेमतो, जांभळा झगा आणि सोन्याचा मुकुट पाठवतो आणि म्हणतो की आता आमचं फ्रोनेओ करा. साधं राजकारण आहे, आमच्या पार्टीत या. हे डोक्यात ठेवून पेत्राचं वचन परत वाचा, तो कुणाच्या बाजूला जाऊन उभा राहिलाय ते लगेच दिसतं.

आणि युवदीया-सुंतुखे, फिलिप्पैच्या मंडळीतल्या दोन बायका! फिलिप्पै 4:2 मध्ये पौल या दोघींना ‘तेच फ्रोनेओ करा’ म्हणतो आणि यावरून मी असंही ऐकलंय की मंडळीत कुणाचं वेगळं मत असूच नये. अहो, ‘तेच फ्रोनेओ करणे’ हा ग्रीकमधला ठरलेला वाक्प्रचार आहे, एकदिलाने राहणे, एकमेकांशी फाटू न देणे. दोघींनी प्रत्येक मुद्द्यावर सेम उत्तर द्यावं असं त्यात काही नाही.

दुसरी चूक मी स्वतः केलीय, त्यामुळे जरा लाजतच सांगतो. हा शब्द ‘फ्रेन’वरून आलाय आणि फ्रेन म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, आपला डायफ्रॅम. हे वाचल्यावर मी आमच्या अभ्यासगटात छान ठोकून दिलं की पौल आपल्याला पोटातून विचार करायला सांगतोय. एक नर्स मावशी होत्या, त्या म्हणाल्या, ‘मग उचकी लागल्यावर काय होतं रे?’ सगळे हसले, विषय संपला. व्युत्पत्ती खरी आहे, होमरच्या काळात मनाची जागा तिथंच मानायचे, पण पौलापर्यंत कित्येक शतकं गेली होती. 1 करिंथ 14:20 मध्ये तो ‘फ्रेन’ दोनदा वापरतो तेव्हाही त्याला समजच म्हणायचंय. आपल्याकडे ‘राग’ बघा ना, संस्कृतात ओढ, आसक्ती आणि मराठीत संताप. ‘मला तुझा राग आलाय’ याचा अर्थ कुणी प्रेम असा लावला तर कसं होईल?

विचाराची सगळी क्रियापदं एकाच डब्यात टाकणं हीपण चूकच. लोगिझोमाइ म्हणजे हिशेब धरणे, खात्यावर जमा मांडणे, रोम 4 मध्ये अब्राहामाबद्दल सारखं येतं ते. नोएओ म्हणजे लक्षात येणे, कळणे. 1 करिंथ 13:11 मध्ये ‘मी मूल होतो तेव्हा’ म्हणताना फ्रोनेओ आणि लोगिझोमाइ शेजारी शेजारीच येतात, तिथंच फरक करायला शिका.

फ्रोनेओचा कस लागतो तो फिलिप्पै 4:10 मध्ये. पौल कैदेत आहे, एपफ्रदीत मंडळीची देणगी घेऊन आलाय आणि पौल लिहितो की माझ्यासाठीच्या तुमच्या फ्रोनेओला परत पालवी फुटली. खरंच, झाडाला पालवी फुटण्याचंच क्रियापद आहे तिथं! लगेच पुढं सावरून घेतो की फ्रोनेओ तर तुम्ही करतच होता, संधी मिळत नव्हती. इथं ‘विचार’ अगदीच फिका पडतो, ‘काळजी’ किंवा ‘आस्था’ हवं. 2:5 ला मराठी बायबलात ‘चित्तवृत्ती’ आलंय, मला विचाराल तर एकदम चपखल, कारण मनाचा कल त्यात येतो. पण म्हणून सगळीकडे चित्तवृत्ती चिकटवू नका, आणि कोशातले सगळेच्या सगळे अर्थ एकाच वचनात ओतू नका, रोम 12:3 मध्ये तर चार वेळा याच घराण्यातले शब्द आहेत, फाजील समजणे, समजणे, परत समजणे आणि शेवटी ताळ्यावर राहून समजणे, सगळा खेळच उपसर्गांचा.

शेवटी रूपांचा घोळ. ‘फ्रोनेइते’ हे रूप ‘तुम्ही करता’ आणि ‘तुम्ही करा’ दोन्हीसाठी सेम असतं, अ‍ॅपने आज्ञार्थ लिहिलंय म्हणून डोळे झाकून घेऊ नका. कलस्सै 3:2 ला ‘वरच्या गोष्टींकडे’ ही आज्ञाच आहे, पण फिलिप्पै 3:15 ला आधी ‘जर’ आहे म्हणून तिथं साधं विधान. आणि 2:5 ला कुणाच्या प्रतीत ‘फ्रोनेइते’ऐवजी ‘फ्रोनेइस्थो’ दिसलं तर अ‍ॅप बिघडलेलं नाही, जुन्या हस्तलिखितांमध्ये दोन पाठ आहेत, एकात ‘तुम्ही ठेवा’ आणि दुसऱ्यात ‘तुमच्यात असो’.