नेटवर्क मार्केटिंग करताय? मग या चुका टाळा

“दादा, रविवारी अकराला मोकळा आहेस का? एक भारी विषय आहे, फोनवर नाही सांगता येणार.” असा फोन आला की कोल्हापूरपासून अकोल्यापर्यंत कुणीही ओळखतो: हा नेटवर्क मार्केटिंगचा प्लॅन, म्हणजे माल विकून आणि माणसं जोडून कमवायची योजना दाखवणार. तरीही अपलाइन (ज्यांनी आपल्याला साखळीत जोडलं ते) नव्या माणसाला पहिल्याच दिवशी हेच शिकवतात. नावांची यादी काढ, उत्सुकता ताणून धर, कंपनीचं नाव एवढ्यात घेऊ नकोस.

ही नुसती शिष्टाचाराची चूक नाही. डिसेंबर 2021 मध्ये केंद्र सरकारने ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम काढले; नेटवर्क मार्केटिंग त्यातच येतं. त्यांनुसार विक्रेत्याने बोलणं सुरू करतानाच आपण कोण, कंपनी कोणती, माल कोणता आणि येण्याचं कारण काय, हे खरं सांगायचं आहे. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही. म्हणजे फोन असा हवा: “काकू, मी अमुक कंपनीचा माल विकतो. भांड्यांचं लिक्विड आणि फरशीचं क्लीनर आहे. शनिवारी संध्याकाळी दहा मिनिटं येऊ का? नको असेल तर मोकळेपणाने सांगा.” नकार जास्त येतील. पण ज्या हो म्हणतील त्या पुढच्या महिन्यातही तुमचा फोन उचलतील, आणि धंदा तिथून सुरू होतो.

आता डेमोबद्दल. होम मीटिंगमध्ये ग्लासभर पाण्यात आयोडीनचे थेंब टाकतात. पाणी तपकिरी होतं. “हे आपलं रक्त, प्रदूषणाने असं झालंय.” मग त्यात कंपनीच्या ज्यूसचं एक झाकण. पाणी झर्रकन स्वच्छ, टाळ्या. घरी करून बघा: पाण्यात जखमेवर लावायच्या बीटाडीनचे दोन-चार थेंब टाका आणि वर लिंबू पिळा. तेच होतं. क जीवनसत्त्वाने आयोडीनचा रंग जातो, एवढीच ती रासायनिक क्रिया. रक्ताचा, ‘डिटॉक्स’चा तिच्याशी काडीचा संबंध नाही. दुसरा लाडका प्रयोग वॉटर प्युरिफायरवाल्यांचा. नळाच्या पाण्यात दोन दांड्या बुडवून वीज सोडायची, पाणी गढूळ लालसर होतं, शेजारचं आरओचं पाणी मात्र जवळजवळ तसंच राहतं. तो गाळ मुख्यतः दांडीच्या लोखंडाचा असतो. नळाच्या पाण्यात क्षार असल्याने वीज नीट वाहते, आरओच्या पाण्यात ते फारसे नसतात. पाणी पिण्यालायक आहे की नाही, हे यातून कळतच नाही. विकणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं, ते मनापासून दाखवत असतात. पण ठाऊक झाल्यावरही दाखवत राहिलात तर ती सरळ फसवणूक.

याचंच मोठं भावंड म्हणजे आजारांचे दावे. “माझ्या सासऱ्यांची शुगरची गोळी सुटली,” हे वाक्य व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकण्याआधी हातातला डबा फिरवून बघा. फूड सप्लिमेंट असेल तर त्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना इंग्रजीत छापलेली असते. मधुमेह, कॅन्सर अशा आजारांवर उपाय म्हणून जाहिरात करायला 1954 पासून कायद्याने बंदी आहे, आणि त्या कायद्यात तोंडी केलेली जाहीर घोषणाही जाहिरातच धरली आहे. कंपनीने स्वतः न केलेला दावा विक्रेत्याने करायचा नाही, हेही 2021 च्या नियमांत आहे. गिऱ्हाइकाने विचारलंच, “गोळी बंद करू का?” तर उत्तर एकच: “नाही. डॉक्टरांना डबा दाखवा, ते म्हणाले तर घ्या.” विक्री गेली तर जाऊ द्या.

भावाच्या बाबतीत गल्लत वेगळीच होते. “आपला माल महाग नाही, कॉन्सन्ट्रेट आहे” हे कधी खरं असतं, कधी नसतं. मापून बघायला काय हरकत आहे? बाटलीची किंमत भागिले किती वेळा वापरता आली, असा हिशेब काढा आणि किराणा दुकानातल्या मालाशी ताडून बघा. तुमचा माल स्वस्त पडला तर तो कागदच दाखवा, त्याहून चांगला डेमो नाही. महाग पडला तर “महाग आहे, पण वासाचा त्रास कमी होतो” असं काही खरं कारण सांगता येतं का बघा. येत नसेल, तर लोक माल घेत नाहीयेत, तुमच्या शब्दाखातर घेताहेत. मामी आणि मावशी पहिल्या महिन्यात घेतातच. तिसऱ्या महिन्यात त्यांनी स्वतःहून मागवलं का, हे बघा.

कमाई सांगताना तर सर्रास गोंधळ घातला जातो. बँकेत 4,200 रुपये कमिशन जमा झालं की त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर जातो. त्याच्या अलीकडची बाजू कुणी टाकत नाही. आयडी ग्रीन (म्हणजे कमिशनसाठी चालू) ठेवायला 3,000 चा माल स्वतःच उचलला, त्यातला घरी खरोखर लागणारा 800 चा. म्हणजे 2,200 तिथेच गेले. पेट्रोल 900. सेमिनारचं तिकीट आणि एसटी मिळून 700. उरले 400, आणि त्यात तुमचे सगळे रविवार. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे वेगळे असतील. पण वहीत असे लिहून काढल्याशिवाय कुणाला ‘इन्कम’ सांगू नका. लीडरच्या कारचा फोटोही तुमच्या उत्पन्नाचा पुरावा नव्हे.

“प्रत्येकाने फक्त पाच जण आणायचे” हे फळ्यावर फार सोपं दिसतं. पाच, पंचवीस, सव्वाशे... बाराव्या पायरीला चोवीस कोटींच्या वर जातं. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी होती. साखळी तेवढी वाढत नाही, आणि तुटते तेव्हा तोटा सगळ्यांत खालच्या, सगळ्यांत जास्त संख्येने असलेल्या लोकांच्या अंगावर पडतो. म्हणूनच माणसं जोडण्याचेच पैसे मिळणाऱ्या योजनांना पैशांच्या साखळी योजनांवर बंदी घालणारा 1978 चा कायदा आणि 2021 चे नियम, दोन्ही मनाई करतात. ओळखायची खूण सोपी आहे: प्लॅन काढून घेतला तरी छापील भावाला तो माल कुणी घेईल का? आणि “दोन जण आणा, तुमचे पैसे सुटतील” असं सांगून माल गळ्यात मारणं तर नियमांत स्पष्टच निषिद्ध आहे. सर्वाधिक ऐकू येणारं वाक्यही नेमकं हेच.

‘सरकारमान्य’ हा शब्द तोंडातून काढूच नका. कंपनीची नोंदणी झाली, जीएसटी नंबर आहे, डब्यावर चौदा आकडी फूड लायसन्स आहे, यातलं काहीही तुमच्या प्लॅनला सरकारने दिलेली पावती नाही. पापड लाटणाऱ्या बचत गटाकडेही ते लायसन्स असू शकतं.

आधीच अडकला असाल तर? घरात खोकी पडून असतील तर रँकसाठी आणखी माल उचलणं आधी थांबवा. पेअर मॅचिंग (आपल्या खालच्या दोन्ही बाजूंची विक्री जुळली की मिळणारं कमिशन) एका लेगसाठी, म्हणजे एका बाजूसाठी अडलंय म्हणून बायकोच्या, भावाच्या नावाने आयडी टाकू नका, ती स्वतःलाच केलेली विक्री असते. करारनाम्याची प्रत काढा (बहुतेकांनी ती मोबाइलवर ‘आय अॅग्री’ दाबून न वाचताच मान्य केलेली असते) आणि माल परत घेण्याची मुदत आणि अटी बघा. सील न फोडलेला, विकता येण्याजोगा माल आधी वेगळा करा. लेखी ई-मेल थेट कंपनीला पाठवा, अपलाइनच्या तोंडी निरोपावर विसंबू नका. तक्रार मिळाल्याची पोच 48 कामकाजाच्या तासांत आणि निवारण साधारण महिनाभरात, असं कंपनीवर बंधन आहे. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. बिलं, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट आणि “पैसे सुटतील” म्हणणारे व्हॉइस मेसेज जपून ठेवा. ते पाठवणारा मामेभाऊ असला तरी डिलीट करू नका.