अण्णांना शेक देताना

अण्णांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि आठवड्यातच एका नातलगाचा फोन आला, "उष्णतेने गाठ जळते म्हणे, केमो कशाला?" यातलं अर्धंच खरं. हायपरथर्मियात गाठीचा भाग यंत्राने ४० ते ४३ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, पण सहसा केमो किंवा रेडिएशनच्या जोडीला. ऑपरेशन झालेल्या ११७ रुग्णांवर युरोपात झालेल्या चाचणीचे निकाल २०२३ मध्ये आले. केमोला हायपरथर्मिया जोडूनही आजार परत येणं ठळकपणे लांबलं नाही. कुणी या उपचाराचं पॅकेज सांगितलं तर कागद घेऊन आधी आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. केमो बंद करायला सांगणाऱ्याकडे तर जाऊच नका.

घरचा शेक गाठीपर्यंत पोचत नाही. स्वादुपिंड जठराच्या मागे, कण्यापुढे दडलेलं असतं. शेकाने आखडलेली पाठ तेवढी सैल होते. अण्णांना तेही पुष्कळ वाटायचं, म्हणून डॉक्टरांना विचारून सुरू केला.

पाणी उकळतं नको. पिशवी दोन तृतीयांश भरा, दाबून हवा काढा, मग झाकण लावा. उलटी धरून गळते का बघा (आमची जुनी गळायची, एक चादर भिजल्यावर कळलं). जाड टॉवेलात गुंडाळून आधी स्वतःच्या कोपराला लावा. "चालेल गं" या अण्णांच्या शब्दावर जाऊ नका. केमोने त्यांच्या बोटांना बधिरपणा आला होता, चहाचा पेलाही गरम लागत नसे.

त्यांना खुर्चीत पुढे झुकवून, पोटाशी उशी देऊन बसवायचे. पाठ टेकली की दुखणं वाढायचं. मग पिशवी पाठीला, पंधरा मिनिटं. पाच मिनिटांनी टॉवेल उचलून कातडी बघायची. पिशवी पाठीखाली घेऊन झोपू द्यायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुखण्यासाठी फेंटानिलची पट्टी (कातडीवर चिकटवायची, तीव्र वेदनाशामक औषधाची) लावली असेल तर तिच्यावर किंवा आसपास शेक नको, इलेक्ट्रिक ब्लँकेटही नको. उष्णतेने औषध भराभर अंगात उतरतं आणि श्वास मंदावू शकतो. हे मला नर्सताईंनी दोनदा बजावलं; मी पट्टीची जागा आणि तारीख कॅलेंडरवर लिहायला लागले. रेडिएशन झालेल्या कातडीवरही शेक नको.

थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर पिशवी ठेवा बाजूला आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आम्ही एकदा सकाळपर्यंत थांबलो होतो. पित्तनळीतला स्टेंट, म्हणजे ती उघडी राहावी म्हणून आत बसवलेली नळी, तुंबला होता.