टीबीच्या तपासणीसाठी बेडका कसा काढावा

दोन आठवडे खोकला हटला नाही की डॉक्टर थुंकीची तपासणी सांगतात. नागपुरात मेडिकल, मेयोसारख्या सरकारी दवाखान्यांत ती फुकट होते. डबी हातात देताना मात्र बहुतेक जण एवढंच सांगतात, "सकाळी यात थुंकून आणा." नेमकं इथंच बिघडतं. लोक लाळ घेऊन जातात, लाळेत जंतू सापडत नाहीत आणि खरा रोगी निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन घरी परततो.

आदल्या रात्री भरपूर पाणी प्या. सकाळी चहाच्या आधी साध्या पाण्यानं चूळ भरा, पेस्ट लावू नका.

आता बेडका. सासऱ्यांची डबी भरताना आम्ही सगळे पहिल्यांदा रडकुंडीला आलो होतो. घसा खाकरून काही होत नाही, घशातला चिकटा कामाचा नाही. गच्चीवर किंवा अंगणात, माणसांपासून लांब बसा. संडास-बाथरूममध्ये नको, कूलरसमोर तर मुळीच नको; हवेबरोबर जंतू घरभर होतात. नाकानं खोल श्वास घ्या, थोडा वेळ धरा, सोडा. असं दोनदा करा. तिसऱ्या श्वासाला पोट आत ओढून जोरात खोका. छातीतून घट्ट, पिवळट किंवा पांढरा गोळा वर येतो, तो थेट डबीत टाका. चमचाभर तरी हवा. पातळ, फेसाळ पाणी दिसलं तर ती लाळ आहे, पुन्हा खोका. येतच नसेल तर गरम पाण्याची वाफ घ्या, पण घाई करू नका. म्हाताऱ्या माणसाला अर्धा तास लागला तरी लागू द्या, पाठीवर हात ठेवून बसा. रक्ताची रेघ दिसली तर घाबरून फेकू नका, तोच नमुना द्या.

झाकण घट्ट लावा. नाव डबीवर लिहा, झाकणावर नाही. प्रयोगशाळेत झाकणं वेगळी होतात.

मे महिन्यात डबी स्कूटरच्या डिक्कीत ठेवून गावभर फिरू नका. ऊन आणि उष्णतेनं जंतू मरतात. पिशवीत गुंडाळून सकाळीच पोचवा. दुसरा नमुना मागितला तर तोही द्या, कंटाळा करू नका.

आणि तपासणीआधी मेडिकल स्टोअरमधून लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आणून खाऊ नका. त्यानं टीबी दबतो आणि निदान लांबतं.

लहान पोरांना बेडका काढता येत नाही. त्यांना थेट दवाखान्यात न्या, तिथं नळी घालून पोटातला नमुना घेतात.