आफ्रिकेत निघण्याआधी: मित्रांच्या निरोपाची तयारी

वर्षभराच्या स्वयंसेवेसाठी पुण्याहून केनिया किंवा युगांडाला जायचं ठरलं, की व्हिसा, लस, औषधं यांची यादी लगेच होते. मित्रांची यादी मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलली जाते. मग एका हॉटेलात चाळीस जणांना बोलावलं जातं, सगळ्यांशी दोन-दोन मिनिटं बोलणं होतं आणि ज्याच्याशी खरं बोलायचं होतं तो जेवून निघून गेलेला असतो. म्हणून निरोपाची तयारी सहा आठवडे आधी सुरू करा.

पहिल्या दिवशी फोन बाजूला ठेवून कागदावर नावं लिहा. न बघता आठवतात ती बारा-पंधरा माणसं प्रत्यक्ष भेटायची. बाकीच्यांसाठी मग फोनमधली यादी उघडा आणि कुणाला फोन, कुणाला नुसता मेसेज, ते ठरवा. आजारी किंवा वयस्क असलेल्यांच्या घरी आपण जायचं, त्यांना बोलवायचं नाही. ज्याच्याशी अबोला आहे त्याला पहिल्याच आठवड्यात भेटा. पहिली भेट बहुतेकदा अवघडलेली जाते, खरं बोलणं दुसऱ्या भेटीत होतं, आणि त्या दुसऱ्या भेटीला दिवस हाताशी असायला हवेत. भेटताना एका वेळी दोघं-तिघंच असावेत. पाचाच्या वर माणसं जमली की गप्पा जुन्या किश्श्यांवरच फिरत राहतात.

देणंघेणं चौथ्या आठवड्यापर्यंत मिटवा. उसने पैसे, ट्रेकला आणलेला तंबू, मित्राच्या घराची जादा किल्ली, कुणाच्या आईचा स्टीलचा डबा. भिशीत असाल आणि तुमचा नंबर आधीच लागून गेला असेल, तर उरलेले हप्ते कोण, कुठल्या तारखेला भरणार ते सगळ्यांसमोर ठरवा. मैत्री बिघडते ती बहुधा अशाच ठिकाणी, कारण पैसे घेऊन परदेशी गेला असं बोललं जातं आणि उत्तर द्यायला आपण तिथे नसतो.

गाडी मित्राकडे ठेवणार असाल तर नुसती चावी देऊ नका. आरसी, विमा आणि पीयूसीच्या प्रती द्या, विमा आणि पीयूसीची मुदत कधी संपते ते कागदावर लिहून द्या. विमा संपलेला असताना अपघात झाला तर नुकसानभरपाई मालक म्हणून तुमच्या गळ्यात येते, आणि चालवणारा मित्रही अडकतो. आठवड्यातून एकदा गाडी सुरू करायला सांगा, नाहीतर बॅटरी उतरते. इथला मोबाइल नंबरही चालू ठेवा. रिचार्ज बंद पडलं की काही महिन्यांनी तो दुसऱ्याला दिला जातो, आणि तुमच्या मित्रांचे फोन अनोळखी माणसाला जायला लागतात.

काय सांगायचं हेही ठरवून ठेवा. स्वयंसेवकाला पगार नसतो, राहण्याखाण्यापुरता भत्ता असतो. हे मोकळेपणानं सांगितलं नाही तर परदेशात नोकरी लागली असा समज पसरतो आणि पुढे उसनवारीचे निरोप येतात. केनिया आणि युगांडा आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहेत: पुण्यात रात्रीचे साडेनऊ, तेव्हा तिथे संध्याकाळचे सात. म्हणजे इथली जेवणं उरकल्यावरची वेळ दोघांनाही सोयीची. रोज फोन करीन असं वचन देऊ नका. गावात काम असेल तर वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, आणि तीन दिवस फोन आला नाही की इथे घोर लागतो. दर रविवारी एक फोन, एवढं जमतं. ‘आम्ही येतो भेटायला’ म्हणणाऱ्या मित्रांना पीतज्वराच्या लशीचं आत्ताच सांगा. ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते, आणि प्रमाणपत्र नसेल तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. तुमची स्वतःची लस असेल त्याच्या पुढच्या दोन-तीन दिवसांत भेटी ठेवू नका. काहींना कणकण येते, अंग दुखतं.

भेटवस्तूंसाठी बॅगेत तीन किलो मोकळे ठेवा आणि मित्रांना आधीच सांगा. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कोरडे मसाले चालतात. लोणच्याची बरणी केबिन बॅगेत नको, सुरक्षा तपासणीत काढून घेतात. सुकं खोबरं अनेक विमान कंपन्या सामानात घेऊ देत नाहीत, कारण त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं; ओटीत किंवा खाऊच्या पिशवीत आलेली वाटी बघून काढून ठेवा. हातानं लिहिलेली चिठ्ठी मात्र प्रत्येकाकडून मागून घ्या. तिचं वजन नसतं आणि वीज गेली तरी कंदिलाशी वाचता येते.

निरोप पुण्यातच घ्या, मुंबईच्या विमानतळावर नाही. तिकीट नसलेल्यांना आत सोडत नाहीत, बाहेर गाडी फार वेळ थांबू देत नाहीत, आणि खंडाळ्याच्या घाटात कोंडी झाली तर सगळा निरोप धावपळीत जातो. उड्डाण मध्यरात्रीनंतरचं असेल तर तारीख नीट सांगा: ‘बारा तारखेला रात्री दोन’ ऐकून लोक बाराच्या संध्याकाळी भेटायला येतात, तोवर तुम्ही तिकडे पोचलेले असता. ‘अकराच्या संध्याकाळी घरून निघणार’ असं सांगा. शेवटचे दोन दिवस घरच्यांचे. दारात हातावर दही पडलं की ‘येतो’ म्हणायचं, आणि पहिल्या रविवारच्या फोनची वेळ पुन्हा एकदा सांगून गाडीत बसायचं.