हृदयाच्या झडपेचा आजार ठरवताना या चुका टाळा

इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट हातात पडला की आपण आधी 'सिव्हिअर' (तीव्र) हा शब्द शोधतो. तो कुठल्या मोजमापावरून आला, हे बघायचं राहून जातं.

हृदयातून शरीराकडे रक्त सोडणाऱ्या अॅऑर्टिक झडपेचंच घ्या. तोंड 1 चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान, मीन ग्रेडिएंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला सरासरी फरक) 40 मिमी पारा किंवा जास्त, रक्ताचा वेग सेकंदाला 4 मीटर किंवा जास्त, असं असेल तर अरुंदपणा तीव्र. तिन्ही जुळले तर प्रश्नच मिटला. घोळ होतो तो क्षेत्रफळ 0.89 आणि ग्रेडिएंट 28 आला की. अशा वेळी आधी स्वतःच्या मोजमापावर संशय घ्या. झडपेखालच्या मार्गाचा व्यास 2.0 ऐवजी 1.8 सेंटिमीटर धरला, तर क्षेत्रफळाच्या सूत्रात त्याचा वर्ग होतो आणि 1.1 ची झडप कागदावर 0.89 होते. दोन मिलिमीटरची चूक, आणि मध्यम आजार तीव्र ठरला!

डॉपलरची, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजण्यातली, चूक बरोबर उलटी. किरण रक्ताच्या धारेला तिरका लागला की वेग कमी दिसतो. म्हणून एकाच खिडकीतून, म्हणजे छातीवरच्या एकाच जागेवरून, बघून थांबू नका. रुग्णाला उजव्या कुशीवर वळवून उरोस्थीच्या उजव्या कडेनेही बघा. मात्र मायट्रलच्या (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या झडपेच्या) गळतीची धार अॅऑर्टिकची म्हणून मोजू नका. ती जास्त वेळ चालते, त्यावरून ओळखू येते.

मोजमाप चोख असूनही आकडे भांडत असतील, तर हृदयातून रक्तच कमी बाहेर पडत असेल. पंपिंग कमजोर असेल तर डोब्युटामिन इको (हृदयाचा जोर वाढवणारं औषध देऊन केलेला इको). चांगलं असेल तर सीटीवर झडपेतलं कॅल्शियम मोजा. पुरुषांत 2000 आणि स्त्रियांत 1200 च्या वरचा स्कोअर तीव्र आजाराकडे बोट दाखवतो.

स्टेथोस्कोपवर आवाज मोठा म्हणजे आजार मोठा, हा समज तर सोडूनच द्या. थकलेल्या हृदयात तीव्र अरुंदपणाचा मर्मरही क्षीण होतो.

मायट्रलच्या गळतीत डॉपलरवर दिसणारा रंग फसवतो. कलर स्केल (रंगात दाखवायच्या वेगाची मर्यादा) सेकंदाला 50 ते 60 सेंटिमीटरवर ठेवा. खाली आणलात तर तीच गळती फुगून दिसते. भिंतीला चिकटून जाणारी धार मात्र असते त्यापेक्षा लहान वाटते. आणि बीपी? भूल दिल्यावर ते उतरतं, गळतीही आक्रसते. ज्या रिपोर्टवर तपासणीच्या वेळचं बीपी लिहिलेलं नाही, त्यातल्या 'माइल्ड'वर (सौम्य) मी तरी विसंबत नाही.